मरळीचं पाणी

रिकामा पेला दिसला की तो कुणी रिकामा केला, हे मी आता विचारते. घरी विचारते, सभेत विचारते. परवा एका लग्नाच्या पंगतीत विचारलं तेव्हा आईनं चिमटा काढला. ही खोड कशी लागली ते सांगते, आणि सांगताना स्वतःला सोडणार नाही. दुसऱ्यांना मी कधी सोडलेलं नाही, तेव्हा हा न्यायच झाला.

गोंदियाच्या एका धर्मार्थ दवाखान्यात मी बिनपगारी काम करत होते. खाटा बारा आणि नर्स एक, म्हणून डॉक्टरांनी आमच्या समाजसुधारणा मंडळातल्या दोघी-तिघींना हाताशी घेतलं होतं. रोग्यांना दूध-पाणी द्यायचं, अंग पुसायचं, खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर कुणी काय घेतलं ते लिहायचं, आणि नातेवाइकांचे डबे दारातच अडवायचे. हे शेवटचं काम मी मागून घेतलं होतं.

मागून घ्यायला कारण होतं. माझी वहिनी बाळंत झाली तेव्हा आमच्याकडच्या बायांनी तिला तीन दिवस पाणी दिलं नाही. पाण्यानं बाळंतिणीला थंडी भरते म्हणे. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडकीला गोणपाट, तोंडात सुंठ. तिसऱ्या दिवशी मी तिचा पदर धुवायला नेला, तर त्याचं एक टोक चावून चावून चोथा झालेलं होतं. अंगावर पाणी घातल्यावर पदराला राहिलेली ओल ती चोखत होती. ओठ तर सुकलेल्या बोडीच्या, गावतळ्याच्या, तळासारखे, भेगाच भेगा. आठव्या दिवशी ती गेली. बाया म्हणाल्या, कुणीतरी चोरून पाणी पाजलं असेल.

त्यानंतर मी जे पत्रक लिहिलं त्याचं नाव होतं ‘थंडी-गरमीचं भूत’. चार पानी. गावोगाव बाजाराच्या दिवशी मी ते उभ्यानं वाचून दाखवायची. खिडक्या उघडा, पाणी पाजा, दूध द्या, अंग पुसा, म्हाताऱ्यांचं ऐकू नका. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता, आणि पाठ असलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे त्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

पुढची गोष्ट नेमकी कोणत्या दिवशी घडली, असल्या तपशिलात मी शिरत नाही. हिवाळा होता, धानाची मळणी चालू होती, एवढं पुरे. स्टेशन रस्त्यावरचा चिनी दातवाला दवाखान्यात आणला गेला. गोंदियात त्याला सगळे ओळखत. कलकत्त्याकडून रेल्वेनं आलेला, पंधरा-वीस वर्षं इथंच राहिलेला. दुकानाच्या काचेत कवळ्या मांडलेल्या असत आणि शाळेतली पोरं त्यांना वाकुल्या दाखवत. नवरा-बायको दोघंच. हिंदी आपल्या बाजारातल्यासारखं बोलायचा, पण थोडकं. त्याच वर्षी आम्ही हिंदी-चिनी भाई-भाईच्या घोषणा देत मिरवणूक काढली होती आणि त्याच्या दुकानासमोर जरा जास्तच घसा ताणला होता. त्यानं दारात येऊन हात जोडले होते. मला फार बरं वाटलं होतं. कुणाला बरं वाटावं म्हणून घोषणा असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

त्याचं आतडं अंतर्गळात अडकलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं, काळं पडलेलं आतडं वीतभर कापून काढलं, उरलेलं शिवलं. दोन दिवस तोंडावाटे काही नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की याला आता दूध, मोसंबीचा रस, नंतर दहीभात द्या. बाहेरचं काही नको. माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तुझं काम.”

त्याच सकाळी त्याची बायको आली. लहानखुरी बाई, विटलेला निळा सदरा, हातात टॉवेलात गुंडाळलेला थर्मॉस. मी दारात उभी. तिनं स्वतःहूनच झाकण काढून माझ्या नाकापुढं धरलं. आल्याचा वास आणि त्यामागून मासळीचा. आमच्या घरी मासळी शिजत नाही. मी पदर नाकाला लावला. बाहेरचं चालत नाही, मी म्हणाले. ती म्हणाली, गरम आहे, जखमेला चांगलं. झालं. ‘गरम’ हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यासमोर ती शेगडी आली. मी थर्मॉस घेतला, मोरीपाशी गेले आणि तिच्यासमोर उलटा केला. पांढरट पाणी होतं, दुधासारखं. ते मोरीतून वाहून गेलं.

तिनं नळावर थर्मॉस धुतला, टॉवेलनं आतून-बाहेरून पुसला आणि नवऱ्याच्या खाटेपाशी जाऊन बसली. मी मागं गेले तर हिनं खिडकी लावलेली आणि त्याच्या कपाळाला फडकं गुंडाळलेलं. वारा डोक्यात शिरतो म्हणाली. मी खिडकी उघडली. फडकं सोडलं. गार पाण्यात कापड पिळून त्याचे हात, मान, छाती पुसली, आणि पुसता पुसता स्वच्छ हवेचे फायदे सांगितले. तो डोळे मिटून पडला होता. अंगावर काटा आला होता त्याच्या. मी विचारलं, बरं वाटतंय ना? तो हसला आणि म्हणाला, “अच्छा, बहिनजी.”

हे ‘अच्छा’ मी त्याचा होकार म्हणून धरलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा तेच पाणी, पुन्हा मोरी. तिसऱ्या दिवशी तिनं थर्मॉस आणला तेव्हा झाकण उघडून दाखवलं, आत नुसतं उकळलेलं पाणी होतं. वास नाही, काही नाही. पण मला वाटलं की आज पाणी, उद्या खाली मासळी आणि वर पाणी. या बाया कशा लपवून आणतात ते मी चांगलं ओळखते, असा माझा ताठा. म्हटलं, आजपासून थर्मॉसच आत येणार नाही. पाणी मडक्यात आहे, फिल्टरचं आहे, हवं तेवढं प्यावं.

तिनं थर्मॉस दाराबाहेर भिंतीशी ठेवला आणि रिकाम्या हातांनी आत गेली.

त्यानंतरचे दिवस मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू. सकाळी दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायची, तो “अच्छा” म्हणून ओठाला लावायचा, मी पुढच्या खाटेकडे वळायची, परत येईस्तो पेला रिकामा. तक्त्यावर लिहायची: दूध, एक पेला, घेतलं. दुपारी मोसंबीचा रस, घेतला. संध्याकाळी दहीभात, घेतला. अक्षर माझं चांगलं आहे. मंडळाच्या बैठकीत मी हे उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा. चिनी माणूस, हजारो वर्षांच्या रूढी, पण नीट समजावलं तर तीन दिवसांत दूध प्यायला लागला. टाळ्या पडल्या.

फक्त तो सुधारत नव्हता. गालफडं बसली. सांगितलं की उठून बसायचा, सोडलं की कलंडायचा. दुखतंय का विचारलं तर हसायचा. डॉक्टर रोज पट्टी सोडून बघत आणि रोज जास्त वेळ बघत. जखमेच्या कडा पांढुरक्या, सुटलेल्या. दोन टाके मांसातून सुटून आले होते. डॉक्टर तक्ता हातात घ्यायचे, वाचायचे, पुन्हा जखम बघायचे. एकदा स्वतःशीच म्हणाले, इतकं पोटात जातंय, मग जातंय कुठं?

मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला हे वाक्य ऐकू आलं होतं.

शस्त्रक्रियेनंतरच्या आठव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नर्सला सांगितलं की दहा वाजता याला पुन्हा टेबलावर घ्यायचं. अन्न जाऊनही माणूस वाळतोय आणि टाके धरत नाहीत, त्याअर्थी आत कुठं तरी पू आहे, पोट परत उघडून बघावं लागेल. नर्सनं दबक्या आवाजात विचारलं की भूल सोसेल का याला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही. पण न उघडता मरू देणं मला जमणार नाही.

मी दूध गरम करायला मागं गेले तर आयामावशी हंडे घासत बसली होती. ही आमच्या दवाखान्यातली सगळ्यात जुनी बाई, आमगावकडची. डॉक्टर तीन बदलले, ही तीच. मी म्हटलं, मावशी, चिनीबाबाला पुन्हा कापणार आहेत. इतकं दूध पिऊन काही उपयोग नाही झाला बघ.

तिनं हंडा खाली ठेवला. “कोन दूध पिऊन राहिला?”

“तो.”

“तू लिवून राहिली, पोरी. पिऊन तो बाजूचा राहिला.”

बाजूच्या खाटेवर दरेकशाकडचा एक नांगऱ्या होता, पाय मोडलेला. आला तेव्हा काटकी होती, आता गाल भरले होते. मी तशीच त्याच्याकडे गेले आणि विचारलं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, “तो रोज देते, मी घेतो. मले वाटलं, तुमचंच तसं सांगनं हाये.” दहीभातही? दहीभातही. मोसंबीचा रस आंबट होता म्हणून तो मात्र दोघांनी मिळून खिडकीतून टाकला. जी खिडकी मी उघडली होती, तीतून.

मी परत मावशीकडे आले आणि चिडून विचारलं की हे तिनं मला का सांगितलं नाही.

“तू इचारलं कधी? तू आली का पत्रक वाचते, वाचून झालं का जाते.” मग ती उठली, हात पुसले आणि माझं मनगट धरून मला त्याच्या खाटेपाशी नेलं. “पेला नोको पाहू. त्याचे ओठ पाहाय.”

मी पाहिले.

त्या भेगा मी ओळखत होते. जगात दुसरं काही ओळखलं नसतं तरी त्या ओळखल्या असत्या. उशाशी मडक्यातल्या पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला होता आणि त्यावर धूळ बसली होती. त्याला गार पाणी घोटभरापलीकडे पिववत नव्हतं, आणि गरम पाण्याचा थर्मॉस दाराबाहेर भिंतीशी उभा होता. बायको येताना-जाताना त्याच्याकडे बघायची. तीन दिवस. माझ्या वहिनीला तीन दिवस तहानलेलं ठेवणाऱ्या बायांना मी चार पानांत जे जे म्हटलं होतं, ते मला त्या खाटेपाशी पाठ म्हणता आलं असतं.

त्याचे डोळे उघडे होते. मी हिंदीत विचारलं की दूध का नाही प्यायलात. तो मग म्हणाला की दुधानं पोट फुगतं, लहानपणापासून. त्याच्या घरात कुणीच पीत नाही. मग नाही का म्हणाला नाहीत? यावर तो पुन्हा हसला, आणि त्या हसण्यात होकार नव्हता हे मला आत्ता दिसलं. “आप इतने प्यार से देती थीं,” तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. मरायला टेकलास आणि सौजन्य दाखवतोस? तो राग कुठं ठेवावा कळेना. मी उठले, बसले, तक्ता काढला, परत टांगला. बाहेर शस्त्रक्रियेच्या खोलीत भांडी उकळायला ठेवल्याचा आवाज येत होता. तक्ता बदलता आला असता, हे मनात आलं. शाई तीच, अक्षर तेच. तो काढून घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“हा तक्ता खोटा आहे,” मी म्हणाले.

“कोणी भरलाय?”

“मी.”

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, दूध, नांगऱ्या, खिडकी, थर्मॉस, मोरी.   माझं संपल्यावर म्हणाले, “पाच दिवस माणूस उपाशी. आणि मी त्याच्या पोटात पू शोधायला निघालो होतो.” मग, “टाके कशानं धरतील, पोरी? तुझ्या पत्रकानं?”

मी ऐकून घेतलं. पण मला जे वाटलं तेही लिहिते: तुम्ही तरी कुठं विचारलं होतंत, डॉक्टर? ‘बाहेरचं काही नको’ हे तुमचं वाक्य. मी फक्त ते मोठ्यानं म्हटलं. त्या सकाळी हे तोंडावर आलं होतं आणि मी गिळलं. आता गिळत नाही.

ते माझ्याबरोबर खाटेपाशी आले. त्यांनी त्याला विचारलं, काय खाशील? तो म्हणाला, साहेब देतील ते. डॉक्टर त्याच्या बायकोकडे वळले. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे बघून सांगितलं. मासळीचं पाणी. जी मासळी पाण्याबाहेरही जिवंत राहते, सापासारख्या डोक्याची, ती. आलं घालून खूप उकळलेलं. त्यांच्या मुलुखात शस्त्र लागलेल्या माणसाला हेच देतात, जखम भरून येते.

“मरळ,” मावशी मागून म्हणाली. “मरळीचं म्हणून राहिली ते.”

डॉक्टर म्हणाले की यात मांस आहे, मीठ आहे, पाणी आहे, आणि हवं तर गाळून द्या. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? खिडकी लावू दे, फडकं बांधू दे, गरम पाणी आत्ता, या मिनिटाला, चमच्या-चमच्यानं. आजचं कापणं थांबवतो. परवा सकाळपर्यंत. तोवर जखमेनं काही हालचाल दाखवली नाही तर उघडणार.

मी स्वतः जाऊन थर्मॉस आत आणला. बायकोनं तो माझ्या हातून घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरोबरच होतं.

मरळ मात्र नव्हती. बाजाराचा दिवस परवाचा. बर्फातली मेलेली मासळी ती घेईना, जिवंतच हवी. मी मंडळाची सायकल काढली, कॅरिअरला झाकणाचा पत्र्याचा डबा बांधला आणि कुडवा गावाच्या पलीकडे ढिवरांची, मासेमारांची, घरं होती तिकडे निघाले. बोडीच्या पाळीवर, बांधावर, एक म्हातारी जाळं सांधत बसली होती. मी मरळ हवी म्हटलं. तिनं मान वर केली आणि मला निरखलं.

“तूच ना वं? आमच्या पोरीच्या बाळंतपनाले येऊन पथ्यावर बोंबलून गेलती?”

मी हो म्हटलं.

“मंग आता कायले आली?”

सांगितलं. पोट कापलेला माणूस आहे, त्याच्या बायकोला हवी. म्हातारी हसली नाही, उलट गंभीर झाली. म्हणाली, जखमेला मरळच, तिच्या बापानं सांगितलं, त्याच्या बापानं त्याला. आणि इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून निघालं की याला पुरावा काय.

“तू ने त खरी. भरली त तो पुरावा. नाही भरली त मासोळी वापस आन.”

पाण्यात बुडवलेल्या टोपलीतून तिनं हातभर लांबीची मरळ उचलली, काळी, जाड, आणि डब्यात सोडली. वर म्हणाली की बाळंतपणात पाणी पाजायचं तुझं मात्र खरं होतं, आम्ही पाजतोच. मला कुठं बघावं कळेना. वर्षभर मी या पाळीवर बोंबलले होते ते कुणासाठी?

परतताना रेल्वे फाटक बंद. धानाच्या बैलगाड्या, रिक्षा, सायकली, सगळे उभे. डब्यात मासळी धडका मारत होती. एका धडकेनं झाकण उडालं आणि ती मासळीबाई धुळीत. मी सायकल टाकून तिच्यामागं. ती सापासारखी सरपटत गाडीच्या चाकाकडे, मी ओणवी. कधी जिवंत मासळीला हात लावलेला नव्हता, ती सटकायची, मी पुन्हा झडप. फाटकावरचा चहावाला, ज्याला मी दर आठवड्याला पत्रक द्यायची, ओरडला, “क्या दीदी, आज परचा नहीं, मछली बाँट रही हो?” सगळं फाटक हसलं. शेवटी एका गाडीवानानं तिला गोणपाटात धरून डब्यात टाकलं. मालगाडी संपता संपेना. मी डब्यावर दोन्ही हात दाबून उभी राहिले आणि तिच्या वाघिणी मोजत राहिले, आणि प्रत्येक वाघिणीगणिक चिनीबाबाचे ओठ मिटताना-उघडताना दिसत होते.

मावशीच्या चुलीवर त्याच्या बायकोनं ते शिजवलं. मासळी तिनंच मारली, एका घावात. थोड्या तेलात परतली, आल्याचे जाड काप, उकळतं पाणी, आणि मग नुसतं उकळत ठेवलं. मी उभी. बस म्हणाली मावशी, मला बसवेना. तासाभरानं पाणी पांढरं झालं, दुधासारखं. मोरीतून वाहून गेलं होतं तसंच. तिनं ते फडक्यातून गाळलं.

तो प्यायला. सावकाश, एक वाटी, मध्ये थांबत. मी या वेळी पुढच्या खाटेकडे वळले नाही. नांगऱ्या म्हणाला, “बाई, आता मले नाही का?” आणि चिनीबाबाची बायको हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वाटी रिकामी झाली तेव्हा मी तिच्यात डोकावून पाहिलं आणि मग तक्त्यावर लिहिलं.

त्या दिवशी चार वाट्या. दुसऱ्या दिवशी सहा, आणि संध्याकाळी मऊ भाताची पेज. मी दोन दिवसांत घरी गेले ते फक्त आंघोळीला, आणि आंघोळ करतानाही मला वाटत होतं की खिडकी कुणीतरी उघडली असेल. आमच्याच मंडळातल्या कुणीतरी. ठरलेल्या सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.  मग डॉक्टर नर्सला म्हणाले, टेबल आवरून ठेवा, लागणार नाही. कडांना लाली आली होती. एवढंच, पण लाल होत्या.

तीन आठवडे लागले. मरळीनं जखम भरली की मिठानं, पाण्यानं की वारा बंद झाल्यानं तो झोपू लागला म्हणून, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात, अन्नानं. ढिवरीण म्हणते, मरळीनं. मी कुणाच्याच बाजूनं पत्रक लिहिणार नाही. पण वहिनीला तीन दिवस पाणी न देणं हा खून होता, हे मी आजही चौकात उभी राहून म्हणेन. त्यातलं अक्षर मागं घेत नाही. एका पथ्यानं एक माणूस मारला आणि एका पथ्यानं एक वाचला, तर पथ्य वाईट की चांगलं, असं मला सभेत विचारतात. मी म्हणते, ओठ बघा. त्यांना वाटतं मी उत्तर टाळते.

डॉक्टरांनी तो खोटा तक्ता फाडू दिला नाही. पाच दिवसांच्या प्रत्येक ‘घेतलं’वर मला रेघ मारायला लावली आणि शेजारी ‘दिलं’ लिहायला लावलं. पंधरा वेळा. तो तक्ता अजून दवाखान्यात आहे.

तो घरी गेल्यावर बरेच दिवस मी स्टेशन रस्त्यानं जायचं टाळलं. वैशाखात मात्र गेले. त्यांच्या थर्मॉसचं झाकण खाटेखाली सापडलं होतं, ते द्यायला. दुपारची वेळ, रस्ता तव्यासारखा. तो खुर्चीशी उभा राहून कुणाची तरी कवळी घासत होता, अंगानं भरलेला. बायकोनं झाकण घेतलं, त्यांच्या भाषेत काही बोलली, आणि आतून पेला आणून माझ्या हातात दिला. उकळतं पाणी. नुसतं. वाफ निघत होती.

मी “अच्छा” म्हटलं आणि पेला ओठाला लावला. जीभ भाजली. दोघं माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मग तो कवळीकडे वळला, ती आत गेली, आणि माझी नजर दुकानभर फिरली. दाराशी डब्यात लावलेली तुळस होती. पेला धरलेला माझा हात तिकडे निघालाही होता.

तो थांबवला. म्हटलं, “भय्याजी, मला हे पिववत नाही. मला गार पाणी हवं.”

तो वळला, पेल्याकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसला. ते दवाखान्यातलं हसू नव्हतं. बायकोला हाक मारून त्यानं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या मडक्यातलं पाणी आणायला सांगितलं, आणि माझा गरम पेला उचलून स्वतः पिऊन टाकला.

रस्त्यानं परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी ‘नको’ म्हणू शकले, कारण मी माझ्या पायांवर उभी होते आणि दार उघडं होतं. तो आडवा होता, पोटाला टाके होते, आणि तक्ता माझ्या हातात होता.